फुलावं किती, टिकावं किती

एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीतला धिप्पाड प्राणी. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या पुढे जातो. त्याच्या शिकारीला कोणती गोळी न्यावी, याचं उत्तर पुष्कळ जण रायफलीच्या ताकदीत शोधतात. ते खरं तर गोळीच्या घडणीत असतं.

गोळीकडून दोन कामं हवी असतात आणि ती परस्परविरुद्ध आहेत. शरीरात शिरल्यावर तिचं टोक अळंबीसारखं फुलायला हवं. तशीच आरपार गेली तर जखम अरुंद होते आणि जखमी जनावर दूरवर निघून जातं. पण फुलताना ती फुटता कामा नये. तुकडे झाले की वजन घटतं, वजन घटलं की खोलवर जाण्याचा जोर सरतो आणि फुफ्फुसं गाठण्याआधी खांद्याच्या हाडापाशीच ती थांबते. पातळ तांब्याचं कवच आणि आत मऊ शिसं, ही घडण लहान हरणाला पुरते. एल्कच्या खांद्याला पुरेलच असं नाही.

कॅनडात 1946 साली मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत गोळ्या दगा देताना पाहून जॉन नॉस्लर यांनी ‘पार्टिशन’ गोळी घडवली. तिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत आहे. भिंतीपुढचं शिसं फुलतं, झिजतं. मागचं शाबूत राहून पुढे रेटत जातं. दोन कामं तिने दोन भागांना वाटून दिली.

वेग मात्र हा पेच पुन्हा उभा करतो. झाडीत 50 मीटरवर गोळीचा वेग जबर, म्हणून फुटण्याची भीती. उघड्या उतारावर 400 मीटरवर वेग ओसरलेला, म्हणून न फुलण्याची. अखंड तांब्याची गोळी सहसा फुटत नाही, पण फुलायला तिला वेग अधिक लागतो. म्हणून 180 ग्रेनच्या, म्हणजे सुमारे 11.7 ग्रॅमच्या, शिशाच्या गोळीऐवजी पुष्कळ जण तांब्याची थोडी हलकी, म्हणून अधिक वेगाने सुटणारी गोळी घेतात. कॅलिफोर्नियात तर 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदीच आहे, कारण रानात टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन काँडोर गिधाडांना विषबाधा होते.

तेव्हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा नेम किती अंतरावरून घ्यावा लागेल, हे आधी ठरवावं आणि दोन्ही ठिकाणी काम करील ती गोळी घ्यावी. एकदा ती घेतली की तिची मर्यादा हीच शिकाऱ्याची मर्यादा. त्यापलीकडे एल्क दिसला, तर जवळ जावं किंवा त्याला जाऊ द्यावं.