पाटीवरचं गाव

मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनी या गावाचं नाव जैन शिल्पकलेच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतं. तिथे सापडलेल्या तीर्थंकरांच्या आणि अंबिकेच्या धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे सगळा विदर्भ ज्याला अजब बंगला म्हणतो तिथे आहेत. मूर्ती सुंदर आहेतच. पण मला तिथे जास्त मोलाची वाटते ती पाटीवरची एक बारीक ओळ : वस्तू कुठे सापडली, ते सांगणारी. ती ओळ काढून टाकली तर उरते फक्त कलाकुसर. ती असली की प्रश्न सुरू होतात. या काळ्या मातीच्या मुलखात इतक्या मूर्ती घडवून घेणारे, पूजणारे आणि पुढे जमिनीत ठेवणारे लोक कोण होते? त्यांचा पैसा कुठून यायचा? हे प्रश्न मूर्तिजापूरच्या शाळेत विचारले जायला हवेत, आणि ते विचारण्यासाठी मूर्ती आधी डोळ्यांपुढे यायला हवी.

वऱ्हाडातल्या वस्तू नागपूरला गेल्या त्याला कारण आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या कुठल्याही ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणं बंधनकारक केलं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, राजधानी नागपूर, आणि १८६३ पासूनचं संग्रहालयही तिथेच. १९३९ साली तऱ्हाळ्याला, त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातल्या मंगरूळ तालुक्यात, सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. हलक्या मिश्र धातूची नाणी, सराफाने हातात धरून बाजूला ठेवावीत अशी. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली तेव्हा कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नावं पुढे आली. पुराणांतल्या वंशावळीत ही नावं नाहीत. म्हणजे एका खेड्यातल्या साठ्याने राजवंशाची यादीच बदलली. हीच नाणी सुटी सुटी होऊन बाजारात गेली असती तर? त्यांचं खरं मोल ती सगळी एकत्र आणि तऱ्हाळ्यालाच सापडली यात होतं. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती घराच्या धाब्यावर टाकायला खणताना आजही मणी, खापरं, नाणी वर येतात, आणि त्यातली बरीच कुणाला न कळता हातोहात जातात. वस्तूबरोबर गावाचं नाव गेलं की इतिहासाचा तेवढा तुकडा कायमचा गेला.

म्हणून नागपूरवर राग धरणं मला मान्य नाही. त्या संग्रहालयाने वस्तू सांभाळल्या आणि त्यांच्यासोबत गावांची नावंही सांभाळली. पण सांभाळणं हा कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग, म्हणजे त्या वस्तूंचा अर्थ इथल्या लोकांपर्यंत पोचवणं, वऱ्हाडानेच करायचा होता, आणि तो आपण केलेला नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेली चिनी आणि जपानी कलावस्तूंची दालनं आहेत. अमरावतीहून गेलेलं कुटुंब ती चिनी माती कौतुकाने बघतं आणि पुढे सरकतं, कारण आशिया म्हणजे दुसऱ्यांचं काहीतरी, अशी समजूत मनात घट्ट असते. या समजुतीला सर्वांत मोठं उत्तर वाशीममध्ये आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य लिहिणारा. शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं आणि त्याचा शिलालेख तिथे आजही आहे. अजिंठ्याच्या चित्रांतला गडद निळा रंग लाजवर्दाचा, आणि लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. तो दगड डोंगर-वाळवंट ओलांडून इथल्या चितारी माणसाच्या खलात पोचला, याचा अर्थ वऱ्हाडचा दरबार आशियाच्या मोठ्या व्यापारी रस्त्यांशी जोडलेला होता. भिंतींवर टोप्या आणि अंगरखे घातलेले परदेशी लोकही रंगवलेले आहेत. उलट दिशेने पाहा : पहिल्या महायुद्धाच्या काळात आराई काम्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्याच्या प्रती काढायला आला, कारण नारा इथल्या होर्युजी मंदिरातली जुनी भित्तिचित्रं आणि अजिंठा यांतलं साम्य जपानी अभ्यासकांना खुणावत होतं. होर्युजीची ती चित्रं १९४९ च्या आगीत होरपळली. अजिंठ्याची आहेत. वाशीमच्या बस स्टँडवर उतरणाऱ्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही, आणि मला ते सलतं.

पुढच्या काळाचंही तसंच. वऱ्हाडातला गाविलगड बांधून घेणाऱ्या अहमदशहा बहामनीने इराणातल्या किरमानच्या सूफी घराण्याला बिदरला बोलावून घेतलं होतं. त्याच गडाच्या दरवाजावर दक्षिणेतला गंडभेरुंड कोरलेला आहे. नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा तर कोरलेल्या अक्षरांसाठीच बघावा. आणि कापूस! १८९३ मध्ये मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजसेवा सुरू झाली ती मुख्यतः कापसासाठी. अमरावती-अकोल्याच्या बाजारातली कापसाची गाठ तेव्हा जपानच्या गिरण्यांच्या हिशेबात होती. आशियाचा इतिहास सांगताना बुद्धमूर्तीशेजारी ही गाठही ठेवली पाहिजे.

माझी मागणी सगळ्या वस्तू परत आणण्याची नाही. धातूच्या मूर्तींना कोरडी हवा लागते, पहारा लागतो, शिकलेला माणूस लागतो. त्याची सोय नसताना परत मागणं म्हणजे वस्तूचा जीव धोक्यात घालणं. पण अमरावतीत किंवा अकोल्यात एक असं दालन उभं राहू शकतं जिथे राजनापूरच्या मूर्तींच्या उत्तम प्रतिकृती असतील, मूळ वस्तू काही महिन्यांसाठी नागपूरहून येतील, आणि भिंतीवरच्या नकाशात तऱ्हाळा, वाशीम ही नावं बदख्शान आणि नारा यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत असतील. मुंबईच्या संग्रहालयाने २०१५ पासून बसमधलं फिरतं संग्रहालय चालवून दाखवलं आहे. वस्तू माणसांकडे जाऊ शकतात.

यात घाई आहे ती भोनची. बुलडाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठच्या या गावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा प्राचीन स्तूप उघडा झाला. हे ठिकाण जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. धरणाला माझा विरोध नाही. या भागाला पाणी किती हवं आहे ते इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पण बुडणाऱ्या घरांची, विहिरींची, झाडांची मोजणी होते तशी स्तूपाचीही व्हावी. त्याची पूर्ण मापं, विटांचे नमुने आणि प्रमाणशीर प्रतिकृती वऱ्हाडातच लोकांना बघता येईल अशा जागी ठेवली जावी, आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा.