नैवेद्य आणि आग्रह

पंगतीत आग्रह करणे हा आपल्याकडे धर्मच मानला आहे. सप्ताहात काल्याच्या दिवशी बुंदीची बादली घेऊन मी कितीदा फिरलो असेन, आणि ‘नको माऊली’ म्हणणाऱ्याच्या पत्रावळीवरही वाढले असेल. त्यात प्रेमच होते. पण गेल्या वर्षी हाच आग्रह मी घरात केला, तेव्हा त्याला प्रेम म्हणावे की नाही, असा प्रश्न पडला.

आमच्या मंडळींना कर्करोग निघाला. हर्सूलहून आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळच. २०१२ पासून मराठवाडाभरचे रुग्ण तिथे येतात, त्यांत आम्हीही. दर २१ दिवसांनी किमो. दुसऱ्या किमोनंतर तिची अन्नावरची वासनाच उडाली. फोडणीच्या वासाने पोटात ढवळे, तोंडात फोड आलेले, पाणीसुद्धा लोखंडासारखे लागे. मी ताट घेऊन समोर बसे. “दोन घास तरी घे.” रोज तेच. एके दिवशी म्हणालो, “नामदेवांसाठी प्रत्यक्ष देव जेवला, आणि तू माझ्यासाठी जेवत नाहीस?” तिने चार घास गिळले, मोरीत जाऊन ओकली, आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, “अहो, देवाला किमो नव्हती.”

ती कथा मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितली. दामाशेटी गावाला गेले, नैवेद्य नामदेवाकडे सोपवला. देव खाईना, तेव्हा पोराने हट्ट धरला. श्रोते डोळे पुसत. त्या हट्टात वडिलांची भीतीही होती, हे मात्र मी कधी नीट पाहिले नाही. सोपवलेले काम आपल्याकडून चुकले, ही मुलाची धास्ती. ती लहान मुलाला शोभते. सत्तरी ओलांडलेला मी तिच्यासमोर ताट धरत होतो तोही भीतीनेच. तिचे वजन उतरत होते आणि मला एकटे पडायचे नव्हते. भूक माझी होती, घास मात्र तिच्या तोंडात कोंबत होतो.

शिवाय आपले संस्कार. तैत्तिरीय उपनिषद अन्नाला ब्रह्म म्हणते, त्याची निंदा करू नये असे सांगते. मग ताट परत करताना आजारी माणसाला पापाची टोचणी लागते. ती अरुची रोगाची आणि औषधाची, मनाच्या निश्चयाची नव्हे. तरी दोष तिनेच वाहायचा!

मग सोडून द्यायचे का? तसेही नाही. वजन उतरले तर ते डॉक्टरांना सांगणे माझे काम. मळमळीची गोळी वेळेवर देणे माझे काम. स्टीलचा चमचा बदलून लाकडी आणला, स्वयंपाक तिच्या खोलीपासून दूर केला, जेवण गार करून वाटी-वाटीने दिवसातून सहा वेळा जवळ ठेवू लागलो. प्रथिनांसाठी अंडी सुचवली होती. आम्ही माळकरी म्हटल्यावर त्यांनी दही, पनीर, मुगाचे कढण सांगितले. माळेचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. माझ्या आग्रहाचा सुटायला पाच महिने लागले.

तो सुटला एकादशीला. डॉक्टरांना विचारले होते; उपाशी राहायचे नाही, फराळ चालेल, म्हणाले. त्या दिवशी ती इतकी शांत दिसली, की मी चकित झालो. मग लक्षात आले, आज तिला ‘जेव’ म्हणणारे कुणीच नव्हते. संध्याकाळी तिने आपण होऊन गार दुधात राजगिऱ्याच्या लाह्या मागितल्या. अर्धी वाटी खाल्ली. ‘अजून थोड्या’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. गिळले.

देवापुढे आपण रोज ताट ठेवतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो. ताट आहे तसेच राहते. त्यावर कुणी देवाशी भांडत नाही. उरलेल्याला आपण प्रसाद म्हणतो. मग घरच्या माणसाच्या ताटातले उरलेले पाहून एवढा राग का यावा?

उपचार अजून चालू आहेत. तोंडातले फोड आता बरे आहेत. काल तिने अर्धी भाकरी मागितली. वाढून मी हरिपाठाला बसलो. उठून पाहिले तर चतकोर उरली होती. ती मी खाल्ली.