भाडेकरूसकट घर

मुंबई-पुण्यात फ्लॅट विकायला काढला की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला, “पझेशन मोकळं आहे ना?” आत भाडेकरू आहे म्हटलं की त्याचा आवाज उतरतो. मग फोटो काढायला मुलगा येतो. ओट्यावरचे डबे हलवायला सांगतो, दोरीवरचे कपडे काढायला लावतो आणि देव्हारा दिसू नये म्हणून मोबाइल तिरका धरतो. ज्यांचा संसार असा बाजूला सारला जातो, त्यांना या सौद्यातला छदामही मिळणार नसतो.

घर नक्की कुणाचं? ज्याच्या नावावर आहे त्याचं, हे खरंच. पण तेवढ्याने भागत नाही.

कौटिल्याने हा पेच ओळखला होता. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, जा म्हणूनही न हलणाऱ्याला दंड आहे आणि भाडं भरणाऱ्याला घालवून देणाऱ्या मालकालाही तोच, १२ पणांचा. भाडेकरूने चोरी, शिवीगाळ असलं काही केलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि जो आपणहून निघून जाईल, त्याने वर्षाचं उरलेलं भाडं चुकवायचं. मालकी मालकाचीच, पण आत राहणाऱ्यालाही वजन आहे.

आपल्याकडे हे वजन कागदावर ठरतं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९नुसार घर विकलं म्हणून भाडेपट्टा संपत नाही. खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याच वर्षीच्या इझमेंट कायद्याचं कलम ५९ मात्र सांगतं की लायसन्स नव्या मालकावर बंधनकारक नाही. म्हणजे पागडीच्या खोलीतला भाडेकरू आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवरचं कुटुंब, दोघांकडे रोज चूल पेटते, पण घर विकलं गेलं तर एकाचा हक्क टिकतो, दुसऱ्याचा टिकेलच असं नाही. राहण्याने काहीच हक्क येत नाही, असं मानलं तरच हा फरक न्याय्य ठरतो.

मालकाचीही बाजू आहेच. मुंबईत १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीशी बांधली, आणि तेवढ्या पैशांत कौलं बदलणंही परवडेना. मालकाने जन्मभर घर धरून बसावं, असं कुणी म्हणत नाही. खटकतो तो वैराग्याचा उपदेश. ‘शेवटी सगळं इथंच सोडून जायचंय’ हे भाडेकरूला ऐकवायचं आणि स्वतः दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उमटवायला रांगेत उभं राहायचं! अपरिग्रह सांगायचाच, तर सुरुवात ज्याच्या नावावर घर आहे त्याच्यापासून व्हावी.

भिंती विकता येतात. आतलं राहणं विकणाऱ्याच्या मालकीचं नसतं. तेव्हा घर विकायचं ठरलं की भाडेकरूला ते एजंटच्या आधी कळू द्या. गिऱ्हाइकांची वेळ त्याला आदल्या दिवशी विचारा. आणि त्याची अनामत रक्कम कोण परत करणार, हे खरेदीखतात लिहून घ्या.