प्रवाशाची दृष्टी

युरोपच्या सहलीहून परतलेल्या कुटुंबाकडे भेटीस गेलो, की छायाचित्रांचा संग्रह हमखास आमच्यापुढे ठेवला जातो. राजवाडे, पूल, स्वच्छ रस्ते, वेळेवर धावणाऱ्या गाड्या! आम्ही कौतुकाने पाहतो. पण मनात एक प्रश्न रेंगाळत राहतो : नगर पाहिले, म्हणजे नेमके काय पाहिले?

१८८३ साली पंडिता रमाबाई चिमुकल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे त्या राहिल्या. तेथून त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे त्या भगिनींचे कार्य पाहावयास पाठविण्यात आले. लंडनच्या वैभवाने तेव्हा जगाचे डोळे दिपत होते. रमाबाईंच्या मनावर मात्र कायमचा ठसा उमटला तो तेथील सेवाकार्याचा. समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना तेथे आधार मिळत होता. सावरलेल्यांपैकी काही जणी रुग्णसेवेत रमल्या होत्या. हे कशाच्या प्रेरणेने घडते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या प्रभूची कथा त्यांना वाचून दाखविली.

वाचकहो, येथे सावध राहिले पाहिजे. ज्या नगरात त्या स्त्रिया सावरल्या, त्याच नगराने त्यांना आधी लाथाडलेही होते. तेव्हा युरोपच्या श्रेष्ठत्वाचा दाखला म्हणून ही हकीकत सांगता येणार नाही. पाहणाऱ्यावर पाहिलेल्याचे ऋण चढते, एवढे मात्र ती शिकविते. रमाबाईंनी ते मायभूमीत फेडले. केडगावच्या मुक्ती सदनात अशाच स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपा सदन’ उभारले.

परदेशी डोळे उघडे राहतात, कारण तेथे सारेच नवे असते. घरी सवय डोळ्यांवर झापड आणते. आमच्या रत्नागिरीत आलेला पाहुणा थिबा राजवाडा पाहतो, भाट्याचा किनारा पाहतो. उद्या त्याने आंब्याच्या बागेतील नेपाळी राखणदाराचे खोपटे पाहिले, मिरकरवाडा बंदरातील परमुलखातला खलाशी पाहिला आणि ‘यांची विचारपूस कोण करतो?’ असे विचारले, तर? धर्मगुरू असूनही आम्हाला मान खाली घालावी लागेल. त्या बागांवरून आम्ही कितीदा तरी गेलो. थांबलो मात्र नाही.

विहिरीपाशी थकून बसलेला प्रभू स्वतःही वाटसरूच होता. परक्या स्त्रीला काही देण्यापूर्वी त्याने तिच्याकडे पाणी मागितले. येत्या रविवारी मिस्सेनंतर त्या खोपटापाशी थांबून तांब्याभर पाणी मागावे, असे आम्ही ठरविले आहे.