जपून ठेवलेली पद्मिनी

जपून ठेवणं हा मध्यमवर्गाचा आवडता उद्योग आहे. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, नवी चादर दिवाळीसाठी आणि लग्नातला कोट... तो तर आता अंगात शिरत नाही म्हणूनच सुरक्षित आहे.

मी बी. कॉम., त्यात बँकेतला कारकून. त्यामुळे या वृत्तीचं मूळ मला ठाऊक आहे. खातेदारानं दोन वर्षं काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर २०१४ पासूनच्या योजनेप्रमाणे रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण बुडत नाही. वारसदार कागदपत्रं घेऊन आला की परत मिळते. निष्क्रिय बचत खात्यावरही व्याज पडतच राहतं. हात न लावता वाढणारी अशी वस्तू जगात दुसरी नाही. आपला घोटाळा एवढाच, की आपण प्रत्येक गोष्टीला मुदत ठेव समजतो.

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला आमच्या नात्यातलं एक घर आहे. तिथे कोठ्यात, सरकीच्या पोत्यांआड, एक प्रीमियर पद्मिनी उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९६४ मध्ये फियाट डिलाइट होती, १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव एकदाच बदलतात, हिचं दोनदा बदललं! वडील गेल्यावर दोघा भावांत वाटण्या झाल्या, गाडी मात्र दोघांची राहिली. म्हणजे कोणाचीच नाही. एकानं चालवली तर दुसऱ्याचा हक्क झिजेल, म्हणून दोघांनी ती बारा वर्षं 'जपली'. बोलणंही तेव्हापासून बंदच. विचारलं तर दोघंही म्हणत, "मनात काही नाही हो, फक्त जाणं-येणं नाही."

थोरल्यांच्या मुलानं हट्ट धरला, म्हणून मिस्त्री आला. पोरं धक्का मारायला सरसावली. मिस्त्री ओरडला, "हात नका लावू! जोर केला तर रिंगा तुटतील." आतलं तेल खाली उतरून गेलेलं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजानं धरलेल्या, पेट्रोलचा कार्बोरेटरात चिकट डिंक झालेला, रबरी नळ्या कडक आणि एअर क्लीनरमध्ये उंदरांचा संसार. त्यानं चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि चहा घेऊन चक्क निघून गेला. दोन दिवसांनी येऊन पुढच्या पुलीला पाना लावला आणि हातानं हळूच थोडं पुढे, थोडं मागे केलं. इंजिन हललं. मग जुनं पेट्रोल, जुनं तेल काढून टाकलं, कार्बोरेटर धुतला, नळ्या आणि बॅटरी बदलली. स्टार्टर सगळ्यात शेवटी.

आता तुम्ही म्हणाल, वापरलं तरी वस्तू झिजतेच की! झिजते ना. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या रोज झिजत होत्या. पण झीज दिसते, आवाज करते, म्हणून माणूस दुरुस्ती करतो. अशा झिजत-झिजत त्या ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. शेवटची थांबली तीसुद्धा वीस वर्षांची सरकारी मुदत भरली म्हणून. गंजाचं तसं नाही. तो आवाज करत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं, 'मनात काही नाही' असंच वाटतं. मग न वापरलेल्या मायेला 'जपलेली' म्हणायचं की जाम झालेली? मला वाटतं, ज्याला आपण जपणं म्हणतो त्यातलं निम्मं तरी नुसतं न हलवणं असतं. त्यात कष्ट नाहीत आणि वर पुण्य पदरात!

गाडी चौथ्या खेपेला सुरू झाली. कोठाभर निळा धूर झाला, म्हैस बिथरली. धूर पाहून भिंतीपलीकडून धाकटे आले, लांबच उभे राहिले आणि गाडीकडे बघत म्हणाले, "रेडिएटरात पाणी घातलं का?"

"घातलं," थोरले म्हणाले.

बारा वर्षांतला पहिला व्यवहार! धाकट्यांनी 'दादा' म्हटलं नव्हतं, थोरल्यांनी 'ये' म्हटलं नव्हतं. मी मध्ये पडून काही समेटाचं बोलणार, तेवढ्यात मिस्त्रीनं मला बाजूला घेतलं. गाडीबद्दलच बोलत असावा. म्हणाला, "सायब, आज रेस करू नका. नुसती चालू राहू द्या."

मी गप्प बसलो.