कापणीच्या दिवसांतला सराव



जव्हार-मोखाड्यात धावणाऱ्याला चढ-उतार शोधावे लागत नाहीत, ते दाराशीच आहेत. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत अशाच डोंगराळ मुलखातली. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य.

इथल्या पोरांना मॅरेथॉन धावायची तर साधारण चार महिन्यांची तयारी लागते. आठवड्यातून एकदा लांब पल्ला, अंतर हळूहळू वाढवत न्यायचं आणि शेवटचे दोन-तीन आठवडे मुद्दाम कमी करायचं. वसई-विरारची मॅरेथॉन डिसेंबरात, मुंबईची जानेवारीत. म्हणजे सराव येतो ऐन भात-नागलीच्या कापणीत, आणि दिवाळीनंतर तर कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर निघतात. दिवसभर विटा वाहिलेल्या पोराने विश्रांतीचा दिवस कुठून काढायचा?

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो धावून झाल्यानंतरचा वेळ. झीज भरून निघते ती झोपेतून आणि जेवणातून. 1992 साली वावर-वांगणी गावातल्या कुपोषणाने हादरलेल्या या भागात जेवणाची गोष्ट सहज उरकता येत नाही. म्हणून शिक्षकांना, प्रशिक्षकांना माझं मनापासून सांगणं आहे : पोरं धावून आली की लगेच पाणी, गूळ-शेंगदाणे, उकडलेलं अंडं हातात द्या; मग पोटभर नागलीची भाकरी आणि डाळ. मोठ्या शर्यतीनंतर आठवडाभर जोरात पळवू नका. आणि शेतातले, भट्टीवरचे कष्टही सरावाच्या हिशेबात धरा.