आम्ही की आपण?

इंदूरच्या मराठी घरांत, विशेषतः तरुणांच्या तोंडी, एक वाक्य ऐकू येतं: ‘रात्री आम्ही सराफ्यात जाऊ.’ पुण्याहून आलेला पाहुणा ते ऐकून गप्प बसतो, कारण त्याला वाटतं की हे बेत त्याला वगळूनच ठरले आहेत. बोलणाऱ्याच्या मनात मात्र तोही असतो. विचार हिंदीच्या ‘हम’मधून आला आणि ओठांवर ‘आम्ही’ होऊन उतरला.

‘हम’ ऐकणाऱ्याला धरूनही चालतं, वगळूनही. इंग्रजी ‘वी’चं तेच, संस्कृत ‘वयम्’चंही तेच. मराठीत ऐकणारा सोबत असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे. मराठीत तो द्राविडी भाषांच्या शेजारामुळे रुजला, असं काही अभ्यासक मानतात.

होळकरांची राजधानी १८१८ नंतर इंदूरला आली. तेव्हापासून इथली मराठी माळवी आणि हिंदीच्या सहवासात वाढली. तिचा हेल, तिचे शब्द मला प्रिय आहेत. ते पुणेरी साच्यात कोंबावेत असं मला मुळीच वाटत नाही. हिंदी शब्द आले तर भाषेत भर पडते. ‘आपण’ गेलं तर मात्र समोरच्याला एका शब्दात आपल्यात घेण्याची सोयच जाते.

इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलनं भरली. अशा व्यासपीठावरून महाराष्ट्रातला वक्ता ‘आम्ही मराठी माणसं’ म्हणाला, तर समोरचा इंदूरकर बाहेर पडतो; ‘आपण मराठी माणसं’ म्हणाला, तर तो आत येतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्यांना हा फरक फार लागतो.

‘आपण’ आदरार्थीही आहे, म्हणून काहीजण बिचकतात. पण क्रियापद बहुधा उलगडा करतं: ‘आपण जाऊ’ आणि ‘आपण जाल’ यांत गोंधळ नाही. ‘आपण पाहिले’ असं लिहिताना तेवढं जपावं लागतं.

इंदूरच्या मुलांना यासाठी व्याकरणाचं पुस्तक शोधायला नको. मित्रांशी हिंदीत ती रोज म्हणतात, ‘अपन चलते हैं.’ त्यांच्या हिंदीतलं हे ‘अपन’ म्हणजेच मराठीतलं ‘आपण’, एवढं घरातल्या कुणी दाखवून दिलं तरी पुरे.